ओहोटीच्या वाळूवर स्कूटर

आमच्या घरात दुचाकी चालवता येणारं कोणी नव्हतं. पण दुचाकीबद्दल सगळं माहीत असलेली एक मुलगी होती, आणि ती मी होते. वाहतुकीच्या खुणांची पुस्तिका मला पाठ होती. गोल खूण म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे सावध राहा, चौकोनी म्हणजे नुसती माहिती. ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा दाबायचा, उतारावर इंजिन का बंद करू नये, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. याचं कारण फार मोठं नाही. डहाणूजवळच्या आमच्या वरोर गावच्या आळीतून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तिथवर मी पाठ करत करतच पोचले होते. शाळेत कोणी समजावून सांगितलं नाही ते पाठ केलं, जे समजलं तेही विसरू नये म्हणून पाठ केलं. एखादी गोष्ट नीट पाठ झाली की ती आपल्याला येते, अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत कुठे अडली ते सांगायचं, तर आधी आमच्या टेम्पोबद्दल सांगायला हवं.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे मासळी निवडायचा ओटा, आणि ओट्यासमोर बोंबील वाळत घालायच्या दोऱ्या. हिवाळ्यात जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील वाऱ्याने एकमेकांवर घासत, तेव्हा शेजारच्या खोलीत कोणी वर्तमानपत्र चाळत असल्यासारखा आवाज होई. त्या आवाजात मी अभ्यास केला आहे, अजूनही कागद चाळल्याचा आवाज आला की नाकाला आधी बोंबलाचा वास येतो. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. घरी आले की अंगाला डिझेलचा वास, तांदळाची भाकरी आणि कालवण पोटभर, आणि लगेच झोप. घर चालायचं ते आईच्या पाटीवर. पहाटे बाळूकाकाचा टेम्पो गावदेवीच्या देवळापाशी येऊन उभा राही. तो हॉर्न वाजवत नसे, नुसता इंजिन घरघरत ठेवी. त्या घरघरीला आळीतल्या बाया डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी घेऊन निघत, आणि टेम्पो त्यांना वाणगावच्या बाजारात नेऊन सोडी. तिथे स्टेशनाकडच्या रस्त्याला, बदामाच्या झाडाखाली आईची जागा होती. जागा म्हणजे एक गोणपाट पसरण्याएवढी जमीन. शेजारी कमूबाई भाजी घेऊन बसे. ती जागा कोणी लिहून दिलेली नव्हती. रोज बसायचं, म्हणून ती आपली. बरेच दिवस बसलं नाही, तर ती दुसऱ्या कोणाची.

मी दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीनंतर बाळूकाकाने टेम्पो विकला आणि तो वापीला एका कारखान्यात कामाला लागला. त्याचं बरं झालं, पण आमच्या आळीची पहाट बिघडली. एसटीत मासळीची पाटी चढवू देत नसत. झाकणाचा डबा असला आणि कंडक्टर ओळखीचा असला, तर माणशी एक डबा चालवून घेत. रिक्षावाले वास येतो म्हणून पुढे निघून जात. बाकीच्या बाया हळूहळू बंदरावर येणाऱ्या व्यापाऱ्याला मासळी घालू लागल्या. आईने घातली नाही. एक डबा ती आणि एक डबा मी, असं आम्ही पहिल्या एसटीने वाणगावला जाऊ लागलो, आणि ती बसली की मी तिथून गाडी पकडून डहाणूला कॉलेजात. पोचेपर्यंत पहिली दोन लेक्चरं झालेली असत, प्रॅक्टिकल तर निम्मं संपलेलं असे. शेवटी आमच्या सरांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "भारती, तुझी अडचण मला कळते. पण प्रॅक्टिकलची हजेरी अशीच राहिली, तर परीक्षेला बसता येणार नाही."

ते मी घरी सांगितलं तेव्हा शेजारची पुष्पाकाकी ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. ती आईची जाऊ लागत नव्हती, पण जावेचे सगळे हक्क तिला होते.

"कशाला पायजे तुला वाणगाव?" ती आईला म्हणाली. "येतो ना तो व्यापारी, त्याला घाल सगळ्यांसारखी."

"त्याला घातली तर भाव तो बोलतो, आणि मी ऐकते," आई म्हणाली. "तिकडं मी बोलते, गिऱ्हाईक ऐकतं."

"मग पोरीला ठेव बरोबर. शिकून काय कलेक्टर होणार हाय?"

आईने कोलंबीच्या ताटातली सालं बाजूला केली. त्या रात्री जेवताना तिने मला एवढंच विचारलं, "परीक्षेला बसू देणार नाय, म्हणजे वर्ष जाणार?" मी म्हटलं, वर्ष जाईल. वर्ष गेलं तर पुन्हा पाठवणं घराला झेपणार नाही, हे दोघींना माहीत होतं.

उपाय आला तो उधव्याहून. माझ्या वर्गात रमिला नावाची मुलगी होती. तिचं गाव उधवा, तलासरीच्या पलीकडे, जवळजवळ गुजरातच्या हद्दीवर. ती डहाणूला हॉस्टेलवर राहायची आणि सुट्टीत घरी गेली की भावाची जुनी, बिनगिअरची स्कूटर चालवायची. भावाने उंबरगावला नोकरी लागल्यावर मोटरसायकल घेतली होती. रमिला म्हणाली, "स्कूटर नुसती धूळ खातेय. तुझी आई शिकू दे, लागेल तोवर ठेवा तुमच्याकडं." मी म्हटलं, आई नाही, मी शिकते. घरी आईलाही तेच सांगितलं, की मी शिकेन आणि तुला वाणगावला सोडून येईन. आई म्हणाली, "तू मला सोडशील. मग तुला डहाणूला कोण सोडंल? ते उलट्या अंगाला. आपण दोघी शिकू. चालवणार मी."

रमिला स्कूटर घेऊन आली त्या दिवशी तिने येताना नागलीच्या भाकऱ्या आणल्या होत्या, आणि आईने तिच्यासाठी ओले बोंबील तांदळाच्या पिठात घोळवून तळले. जेवण झाल्यावर आम्ही दोघी तिला समोर बसवून प्रश्न विचारू लागलो. मला वाटत होतं, ती नीट सांगेल आणि मी ते मनात उतरवून घेईन.

"पहिल्यांदा काय करतेस?"

"बसते."

"मग?"

"मग जाते."

"पण पडत कशी नाहीस?"

रमिलाने विचार केला. ती खरंच प्रामाणिक मुलगी होती, उडवाउडवी करत नव्हती. "पहिले पडायची. मग पडणं बंद झालं."

आई पदर तोंडाला लावून हसली. मी विचारलं, मागचा ब्रेक कुठल्या हाताला. रमिलाने दोन्ही हात हवेत धरले, डावी मूठ दाबली, उजवी दाबली, आणि तिला सांगता येईना. मग ती उठून बाहेर गेली, स्कूटरवर बसली आणि तिथून ओरडली, "डाव्या!" मला त्याचं फार आश्चर्य वाटलं. पुस्तिकेमुळे मला डावा हात माहीत होता, आणि हिला स्कूटरवर बसल्याशिवाय माहीत नव्हता. तरी हिला स्कूटर येत होती आणि मला येत नव्हती. मग "माहीत" हे नक्की कुठे असतं? आज मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. एखादा मुलगा नियम धडाधडा म्हणून दाखवतो आणि गणितापाशी अडतो, तेव्हा मला हवेत धरलेले ते दोन हात दिसतात. फक्त त्याचं उलटं झालेलं असतं.

आमच्याकडे सायकल काय, मोटरसायकल काय, सगळे ओहोटीच्या वाळूवरच शिकतात. पाणी मागे गेलं की ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते, पडलं तर लागत नाही, आणि आडवं येणारं कोणी नसतं. कुठल्या दिवशी जायचं ते आईने ठरवलं. "अवस जवळ आलीय. संध्याकाळचं पाणी लांब जाईल. भांगाच्या दिवसांत नको, तेव्हा पाणी धड जात नाय, धड येत नाय." रमिला संध्याकाळी कॉलेजातून माझ्याबरोबर येई, पण पाण्याकडे पाठ करून उभी राहत नसे. ती डोंगराकडची, तिला समुद्राचा भरवसा वाटत नव्हता.

"मावशी, ते पाणी परत आलं तर?"

"येणारच ना," आई म्हणाली. "पण सांगून येतं."

आईला तोल पटकन जमला. इतका पटकन, की मला जरा लागलंच. साडीचा काष्टा घट्ट करून ती बसली, दोन वेळा पाय टेकले, आणि मग गेली, सरळ, पाण्याच्या कडेने, लहान होत होत. मी मात्र अडकले. कॉलेजच्या लायब्ररीत मला एक पुस्तक सापडलं होतं, दुचाकी पडत का नाही याबद्दल. त्यात लिहिलं होतं की डावीकडे वळायचं, तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जावं लागतं, त्याने गाडी डावीकडे कलते, आणि मग वळते. मी ते मनात म्हणत स्कूटरवर बसले, डावीकडे वळायची वेळ आली तेव्हा मुद्दाम हँडल उजवीकडे ढकललं, आणि थेट वाळूत आडवी झाले. रमिलाने मला उठवलं. मी तिला पुस्तकातलं सांगितलं.

"खोटं हाय ते," ती म्हणाली. "डावीकडं जायचं तर उजवीकडं कोण वळवंल? मी नाय वळवत."

मलाही ते खोटंच वाटलं. पण मग माझी नजर वाळूवर गेली. ओल्या वाळूत रमिलाच्या चाकांच्या खुणा अगदी स्वच्छ उमटल्या होत्या. तिने जिथे डावीकडे वळण घेतलं होतं, तिथपर्यंत खूण सरळ होती, आणि वळणाच्या अगदी आधी, हातभर लांबीत, पुढच्या चाकाची रेघ किंचित उजवीकडे झुकून मग डावीकडे गेली होती. मी दुसरं वळण शोधलं. तिथेही तसंच. आम्ही तिघी वाकून वाळू बघत होतो. रमिला म्हणाली, "मी नाय केलं हे." मी म्हटलं, "तूच केलंस, तुझीच गाडी आहे." ती पुन्हा बसली, एक फेरी मारून आली, उतरली, आणि धावत खूण बघायला गेली. "आयला!" ती म्हणाली, आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. मला त्या संध्याकाळी दोन गोष्टी एकदम कळल्या आणि त्या एकमेकींना कशा जोडायच्या ते कळलं नाही. पुस्तक खरं होतं. आणि पुस्तक खरं असून मी पडले होते.

वाळूवर आई इतकी छान चालवू लागली, की आम्ही तिला रस्त्यावर आणलं. तिथे घात झाला. देवळापाशी रस्ता काटकोनात वळतो. आई त्या वळणापर्यंत व्यवस्थित आली, आणि वळलीच नाही. वाळूवर तिला वळायला अख्खा समुद्रकिनारा होता, ती केवढा तरी मोठा वळसा घेऊन फिरत असे, आणि ते आमच्या तिघींच्याही लक्षात आलं नव्हतं. स्कूटर सरळ पुष्पाकाकीच्या अंगणात शिरली आणि बोंबलांच्या दोऱ्यांत जाऊन थांबली. दोन बांबू आडवे झाले. आईच्या खांद्यावर, मांडीवर, हँडलवर बोंबील. कोणाला लागलं नाही. पुष्पाकाकी कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"बोंबील पायजे होते, तर उतरून मागायचे ना गो! गाडीवरून घ्यायला तू काय पेट्रोल पंपावर आलीस?"

अख्खी आळी हसली. आईसुद्धा हसली, बांबू उभे करून दिले, पडलेले बोंबील झटकून पुन्हा टांगले. पण घरी आल्यावर तिने स्कूटरवर जुनं जाळं टाकलं आणि म्हणाली, "बस झालं. आपलं काम नाय ते. मी बंदरावर देईन मासळी." मी म्हटलं, "आणि जागा?" ती म्हणाली, "जागा काय, जमीन हाय. कोणीतरी बसंल." हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मी तिच्याकडून आधी ऐकला नव्हता. शिकाऊ लायसन्स आम्ही दोघींनी आधीच काढलं होतं, आणि पक्क्या लायसन्ससाठी आरटीओचा कॅम्प डहाणूला थोड्याच दिवसांत होता. त्यानंतरचा कॅम्प होईपर्यंत माझी हजेरी शिल्लक राहिली नसती.

मी तिला पुस्तिकेतलं सांगून पाहिलं. वळणाच्या आधी वेग कमी करा, जिकडे जायचं तिकडे बघा. "बघते ना!" ती चिडून म्हणाली. पण ती बघत नव्हती. हे मला नंतर, वेगळ्याच वेळी दिसलं. एका सकाळी ती बंदरावरून पाटी घेऊन येत होती, मी मागे होते. डावीकडून कोणीतरी तिला हाक मारली. आई थांबली, पाय उचलून सगळं अंग त्या बाजूला फिरवलं, आणि मग बोलली. मान जागची हलली नाही. हलणार कशी? डोक्यावर पाटी असताना मान फिरवली, तर मासळी रस्त्यावर. मी दिवसभर तिच्याकडे बघत राहिले. चुलीपाशी, ओट्यावर, डोक्यावर काही नसतानासुद्धा ती तशीच वळत होती, अख्खी. लग्न झाल्यापासून पाटी वाहून वाहून तिच्या मानेला सरळ राहायची सवय लागली होती. तोल तिला आमच्याहून लवकर आला तो याच मानेमुळे असणार, आणि वळण अडलं तेही हिच्यामुळेच. मला इतका आनंद झाला, की एखादं अवघड गणित सुटल्यासारखं वाटलं. मी तिला सांगितलं, "आई, तू मान फिरवत नाहीस!"

"बरं," आई म्हणाली. "आता फिरवीन." आणि जाळं काढून, माझ्या समाधानासाठी, ती स्कूटरवर बसली, आळीच्या टोकाला गेली, आणि मान न फिरवता कुंपणात शिरली. तिला कारण कळलं होतं. मला कारण कळलं होतं. मानेला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डबे घेऊन वाणगावला गेलो. मला गाडी पकडायची होती, तरी मी जरा थांबले. बदामाखाली आई गोणपाटावर बसली होती, आणि तिची मान! डावीकडे, उजवीकडे, मागे, पाखरासारखी फिरत होती. "ये गो बाय, बघ तरी. ताजी हाय. ओ भाऊ, नुसतं बघून काय जाता?" एक गुजराती बाई डावीकडून आली, "मासी, बोंबील केम आप्या?" म्हणत भाव विचारू लागली, आणि ती बाई मला दिसण्याआधीच आईची मान तिच्याकडे वळलेली होती. गिऱ्हाइकापुढे बसलेल्या आईला दुसरीच मान होती.

संध्याकाळी रमिलाला मी आईच्या मागे बसून देवळाकडे यायला सांगितलं आणि स्वतः वळणाच्या आतल्या बाजूला जाऊन उभी राहिले. स्कूटर आली. आईचे डोळे समोर, मान खांबासारखी. ती वळणापाशी आली, तशी मी घसा ताणून ओरडले, "मासी, बोंबील केम आप्या?"

आईची मान गर्रकन माझ्याकडे फिरली. आणि मानेमागून खांदे, खांद्यांमागून हात, आणि स्कूटर अशी अलगद वळली, जशी काही ती नेहमीच वळत होती. वळण पार करून आई थांबली, दोन्ही पाय टेकले, आणि मोठ्याने म्हणाली, "अगो, काय झालं ते?"

"वळलीस!" रमिला टाळ्या वाजवत होती. पुष्पाकाकी आपल्या बोंबलांपुढे आडवी उभी होती, खबरदारी म्हणून. ती म्हणाली, "भाव काय सांगितलास ते नाय ऐकू आलं."

मग तोच खेळ झाला. मी एका वळणावर, रमिला दुसऱ्यावर, आणि नंतर पुष्पाकाकीही येऊन उभी राहिली. ती आईशी घासाघीस करायची, "महाग हाय, जा!" आणि आई वळता वळता तिला उत्तर द्यायची. आळीतली मुलं हसून लोळायची. काही दिवसांनी आम्ही हाका मारणं थांबवलं. आई वळत राहिली. मी तिला विचारलं, आता काय करतेस. ती म्हणाली, "कोण हाक मारतंय ते बघते." मी म्हटलं, पण कोणी मारत नाही. "ते मला माहीत हाय. तरी बघते."

कॅम्पच्या दिवशी आम्ही दोघी रांगेत होतो. साहेबांनी खुणांचा तक्ता पुढे केला. माझी उत्तरं प्रश्न संपायच्या आत तयार होती. आईला मी महिनाभर खुणा घोकायला लावल्या होत्या, तिने त्या आपल्या पद्धतीने लक्षात ठेवल्या होत्या. भोंग्यावर काट मारलेली खूण दाखवली तेव्हा ती म्हणाली, "इथं वाजवायचा नाय. मी तसापण वाजवत नाय साहेब, तोंडाने ओरडते." साहेब हसले आणि पुढे जा म्हणाले.

मैदानावर फक्कीने इंग्रजी आठचा आकडा काढला होता. त्या रेघांमधून पाय न टेकता जायचं. आधी मी गेले. मला वळणाचं सगळं शास्त्र माहीत होतं, आणि आता थोडंफार जमतही होतं, पण आकड्याच्या मधोमध मी विचार केला, की इथे नक्की कुठल्या क्षणी कलायचं, आणि त्या विचाराएवढ्या वेळात पाय टेकला. "पुढच्या कॅम्पला या," साहेब म्हणाले. मी बाजूला झाले. मग आई. माझं आता काहीच चालणार नव्हतं. ओरडायला मनाई होती, नातेवाईकांना रेघेच्या आत यायला मनाई होती. माझी परीक्षा, वाणगावची जागा, सगळं त्या फक्कीच्या रेघांत आलं होतं, आणि मी ओढणीचं टोक दातांत धरून उभी होते. आई निघाली. पहिल्या वळणाला तिची मान आत वळली. ओठ हलत होते. मधल्या फुलीवर ती सरळ झाली, मग मान दुसऱ्या बाजूला. तिने आकडा पूर्ण केला, आणि थांबायचं सोडून आणखी एकदा केला.

"मावशी, बास!" साहेब ओरडले. "पास आहात. कोणाशी बोलत होता?"

"गिऱ्हाईक होतं," आई म्हणाली.

पुढच्या सोमवारी मी प्रॅक्टिकलला वेळेवर हजर होते. सरांनी माझ्या टेबलावर उपकरणं सरकवली. स्कूटरवर पायाशी एक डबा आणि मागे बांधलेला दुसरा, अशी आई एकटी वाणगावला जाऊ लागली. कॅम्पमुळे आई बाजाराला गेली नव्हती, तेव्हा कमूबाईने जागा राखायला तिथे आपली वांग्यांची टोपली मांडून ठेवली होती, ती तिने उचलून घेतली.

त्यानंतरच्या एका रविवारी मला कॉलेज नव्हतं, म्हणून मी आईच्या मागे बसून बाजाराला निघाले. मागचा डबा माझ्या मांडीवर होता. हवेत गारवा होता, दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, वाल फुलायला लागलेला. आईने मान जराशी वळवून विचारलं, "पण काय गो, ही पडत का नाय? बायका मला विचारतात. मी सांगते, पडत नाय. पण का पडत नाय? तुझ्या त्या पुस्तकात असंल ना?"

असा प्रश्न आईने मला कधी विचारला नव्हता. मी शिकते ते तिच्या दृष्टीने परीक्षेसाठी होतं, तिच्यासाठी नव्हतं. मी घाईघाईने सांगायला लागले. गाडी ज्या बाजूला पडायला लागते, त्याच बाजूला पुढचं चाक थोडंसं वळतं, आणि त्यामुळे चाकं पुन्हा आपल्या खाली येतात, म्हणजे आपण दर क्षणाला पडत असतो आणि दर क्षणाला सावरत असतो. आई नीट ऐकत होती. फार नीट ऐकत होती. स्कूटर डावीकडे डुलली, मग उजवीकडे. मांडीवरचा डबा सरकला.

"गप, गप बस!" आई म्हणाली. "तू सांगतेस तशी ती करायला लागली."

मी गप्प बसले. स्कूटर पुन्हा सरळ झाली. मला वाटलं, विषय संपला, तिला चालवता येतं, तिचं काय अडलंय. पण पुढे एक मोरी आली, तशी आईने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि गाडी स्टँडला लावली. तिने पायाजवळच्या डब्यावरचं ओलं फडकं सारखं केलं, माझ्या हातातला डबा घेऊन सावलीत ठेवला, आणि मोरीच्या कठड्यावर मांडी घालून बसली.

"आई, बाजार?"

"कमूबाई हाय जागेवर," ती म्हणाली. "आता मी काय चालवत नाय. आता सांग. पहिल्यापासून सांग."